वजनाचं इंजेक्शन कार्डावर मिळतं का? नागपूरकरांसाठी योजना, खर्च आणि स्वस्त पर्यायांचा पूर्ण हिशेब

मानेवाडा रोडवर आमचं औषधाचं दुकान आहे. एप्रिलच्या भर दुपारी एक बाई आल्या. डोक्यावर ओला दुपट्टा, हातात प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेलं आयुष्मान कार्ड. कार्ड काउंटरच्या काचेवर ठेवलं, शेजारी चार घड्या घातलेली चिठ्ठी. "भाऊ, या कार्डावर हे वजनाचं इंजेक्शन भेटते का?" चिठ्ठीवर टिर्झेपेटाइड लिहिलं होतं, २.५ मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा. मी नाही म्हणालो. त्यांनी कार्ड परत पाकिटात घातलं, पाकिटाची कड नखाने दाबून बंद केली आणि म्हणाल्या, "मंग काय करू?"

याचं उत्तर काउंटरवर उभ्या उभ्या देता येत नाही. मागे गिऱ्हाइकं थांबलेली असतात. म्हणून इथे सगळं नीट लिहितो. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. कोणाला कोणतं औषध द्यायचं ते डॉक्टरच ठरवतील. पण पैसे कुठून मिळतात, कुठून मिळत नाहीत आणि कमी पैशात काम कुठवर भागतं, हे मी रोज पाहतो.

आधी कार्ड कशाचे पैसे देतं ते पाहू

आयुष्मान भारत योजना २३ सप्टेंबर २०१८ ला सुरू झाली. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं कवच आहे. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, वय वंदना कार्ड मिळतं. आपल्या राज्याची महात्मा फुले जन आरोग्य योजना तर आता पिवळं, केशरी, पांढरं असं कुठलंही रेशनकार्ड असलेल्या रहिवाशाला लागू आहे आणि तिची मर्यादाही ५ लाखांचीच आहे. वाचायला फार मोठं वाटतं, आणि खरोखर मोठं आहेही. ॲन्जिओप्लास्टी, डायलिसिस, कॅन्सरचे उपचार या कार्डांवर झालेली माणसं आमच्या गल्लीत आहेत.

पण दोन्ही योजना भरती झालेल्या रुग्णाच्या आहेत. ठरलेला आजार, ठरलेली प्रक्रिया, ठरलेलं पॅकेज. औषधं त्या पॅकेजच्या आत येतात, सुट्टी झाल्यावर ठरावीक दिवसांची औषधंही येतात. ओपीडीत चिठ्ठी लिहून घेतली आणि दुकानातून औषध घेतलं, तर तो खर्च त्यात बसत नाही. इंजेक्शन वजनाचं आहे म्हणून अडलं असं समजू नका. बीपीची रोजची गोळीसुद्धा या कार्डावर आमच्या दुकानातून मिळत नाही.

कार्ड घेऊन दुकानोदुकानी फिरू नका, आणि "कार्डावर करून देतो, फॉर्मचे पाचशे द्या" म्हणणाऱ्याला तर उभंही करू नका. शंका असेल तर योजनेतल्या कुठल्याही रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला विचारा. आधारकार्ड आणि रेशनकार्ड सोबत न्या. फोनवर विचारायचं तर राज्याच्या योजनेचा नंबर १५५३८८ आणि आयुष्मानचा १४५५५. लठ्ठपणासाठी डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली असेल, तर त्या प्रक्रियेचं नाव कागदावर लिहून घ्या आणि ती यादीत आहे का, त्या रुग्णालयात होते का, हे दोन प्रश्न आरोग्यमित्राला वेगवेगळे विचारा. यादीत असलेली प्रत्येक गोष्ट प्रत्येक रुग्णालयात होत नाही.

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा आहे असंही नाही. अमेरिकेत ज्येष्ठांच्या सरकारी विम्यात निव्वळ वजन कमी करण्याची औषधं २००३ च्या कायद्यानेच वगळली होती. २०२४ मध्ये वेगोव्हीला (सेमाग्लुटाइड या औषधाचं वजनासाठीचं ब्रँडेड इंजेक्शन) तिथे वाट मिळाली ती हृदयविकाराचा धोका कमी करणारं औषध म्हणून. म्हणजे चिठ्ठीवर आजार कोणता लिहिला आहे, यावर पैसे कोण देणार हे ठरतं. ही गोष्ट पुढे आपल्यालाही कामाची आहे. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२५ मध्ये सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपेटाइड आवश्यक औषधांच्या यादीत घेतली, पण मधुमेहासोबत हृदयाचा किंवा किडनीचा आजार आणि लठ्ठपणा असलेल्यांसाठी. आपल्या देशाच्या २०२२ च्या आवश्यक औषधांच्या यादीत ही औषधं नाहीत, त्यामुळे त्यांच्या किमतीवर सरकारने ठरवलेली कमाल मर्यादाही नाही.

ओपीडीचं औषध ज्यांना मिळू शकतं, त्यांनी आधी तिकडे जावं

नागपुरात असे लोक बरेच आहेत, आणि त्यातले अर्धे हे विसरून आमच्याकडे रोख पैसे देत असतात.

घरात कोणाचा पगार महिन्याला २१,००० च्या आत असेल आणि पगारातून ईएसआयचे ०.७५ टक्के कापले जात असतील, तर ते कुटुंब राज्य कामगार विम्यात आहे. हिंगणा एमआयडीसी, बुटीबोरी, मिहान, दुकानं, हॉटेलं, सिक्युरिटी एजन्सी, सगळीकडचे लोक यात येतात. या विम्यात ओपीडी आणि औषधं दोन्ही धरलेली आहेत. तुमच्या भागातला ईएसआय दवाखाना आणि सोमवारीपेठेतलं कामगार विमा रुग्णालय ही तुमची दारं. अट एकच, त्यांच्याच डॉक्टरची चिठ्ठी हवी. बाहेरच्या खासगी डॉक्टरची चिठ्ठी नेऊन "हे द्या" म्हटलं तर जमत नाही. तपासून घ्या, जुने रिपोर्ट दाखवा, त्यांना ठरवू द्या.

केंद्र सरकारचे कर्मचारी आणि पेन्शनर यांना सीजीएचएस ही आरोग्य योजना आहे, नागपुरात त्याची वेलनेस सेंटर आहेत. माजी सैनिकांना ईसीएचएस. रेल्वेवाल्यांना उमीद कार्डावर रेल्वेचे दवाखाने, कारण मध्य आणि दक्षिण पूर्व मध्य या दोन्ही रेल्वेंचे विभाग इथे आहेत. वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्स) माणसांना कंपनीची स्वतःची वैद्यकीय सोय आहे. या सगळ्यांत औषधांची यादी असते, यादीबाहेरच्या औषधाला वेगळी मंजुरी लागते. इथे आजाराचं नाव निर्णायक ठरतं. मधुमेह आहे, साखर दोन गोळ्यांवर आटोक्यात येत नाही, सोबत हृदयाचा त्रास आहे, असं तज्ज्ञ डॉक्टरने स्पष्ट लिहिलं तर विचार तरी होतो. नुसतं "वजन जास्त" लिहिलेला कागद परत येण्याचीच शक्यता जास्त. पण जे खरं आहे तेच लिहून घ्यायचं. मधुमेह नसताना मधुमेह लिहून घेणारे मी पाहिले आहेत. पुढे खासगी पॉलिसी घेताना तोच कागद त्यांच्या आड येतो.

सीजीएचएसमधल्या कोणाला बॅरिॲट्रिक, म्हणजे वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला असेल, तर आधी परवानगी काढा, नंतर भरती व्हा. उलट क्रमाने गेलात तर बिल तुमच्या गळ्यात.

खासगी पॉलिसी असेल तर हे कलम शोधा

पॉलिसीची जाड पुस्तिका काढा आणि वगळलेल्या गोष्टींच्या यादीत सहावा कोड पाहा: लठ्ठपणा आणि वजन नियंत्रण. विमा नियामकाने हे कलम सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखं केलं आहे. लठ्ठपणाच्या उपचाराचा खर्च वगळलेला आहे. अपवाद शस्त्रक्रियेचा, तोही सगळ्या अटी पुऱ्या झाल्या तर. वय १८ किंवा जास्त, डॉक्टरांचा सल्ला, आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, काढायची रीत खाली आहे) ४० किंवा त्याहून जास्त. बीएमआय ३५ किंवा वर असेल तर सोबत लठ्ठपणामुळे आलेला हृदयाच्या स्नायूंचा आजार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र त्रास किंवा आटोक्यात न येणारा टाइप २ मधुमेह यांपैकी काहीतरी असलं पाहिजे, आणि त्याआधी कमी त्रासाचे उपाय करून झालेले असले पाहिजेत.

त्या शेवटच्या अटीसाठी आजपासून कागद जमवा. आहारतज्ज्ञांच्या भेटीच्या पावत्या, दर महिन्याच्या वजनाच्या नोंदी, घेतलेल्या गोळ्यांची बिलं. "खूप प्रयत्न केले" हे क्लेम पाहणाऱ्याला तोंडी सांगून चालत नाही.

बीएमआय घरीच काढता येतो. वजन किलोमध्ये, भागिले उंची मीटरमध्ये गुणिले उंची मीटरमध्ये. दीड मीटर उंची आणि ८० किलो वजन असेल तर ८० भागिले २.२५, म्हणजे साधारण ३५.६. आपल्या भारतीय शरीरांसाठी २३ च्या वर जास्त वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात. कंबरही मोजा. पुरुषांना ९० सेंटीमीटर, बायकांना ८० च्या वर गेली की पोटातली चरबी वाढली असं समजायचं. शिवणकामाची टेप चालते.

इंजेक्शनच्या आधीच्या तपासण्या, त्याही जवळजवळ फुकट

त्या बाईंना मी पहिला प्रश्न विचारला होता, "काकू, शेवटची शुगर कधी केली?" त्या आठवू लागल्या. धाकट्या मुलाच्या लग्नाच्या वेळी, म्हणजे चार वर्षं झाली होती.

महानगरपालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रांत, आयुष्मान आरोग्य मंदिरांत तिशीवरच्या माणसांची बीपी आणि शुगर तपासणी मोफत होते. ग्रामीण भागातून येत असाल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. मेडिकल आणि मेयो ही मोठी सरकारी रुग्णालयं मात्र वैद्यकीय शिक्षण खात्याकडे येतात, तिथे केसपेपरची आणि काही तपासण्यांची फी लागते. बाहेरच्या लॅबच्या मानाने ती किरकोळच असते. मिहानमधल्या एम्समध्ये ऑनलाइन नंबर लावता येतो. सकाळी लवकर पोचायचं, डबा आणि पाण्याची बाटली सोबत, कारण एम्सला गेलं की दिवस तिथेच जातो. कुठेही आधी जनरल मेडिसिनची ओपीडी करा, पुढे कोणाकडे पाठवायचं ते तेच सांगतात.

डॉक्टरांना विचारून एवढ्या गोष्टी करून घ्या: उपाशीपोटीची शुगर आणि एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज), थायरॉइडसाठी टीएसएच, लिपिड (रक्तातली चरबी), लिव्हर आणि किडनीची तपासणी, बीपी. एचबीए१सी ६.५ किंवा वर आला तर मधुमेह, ५.७ ते ६.४ असेल तर उंबरठ्यावर. पाळी अनियमित असलेल्या मुलींनी पीसीओएस या हार्मोनच्या त्रासाबद्दल विचारावं. घोरणं फार असेल आणि दिवसा झोप येत असेल तर तेही सांगावं. लोक ते लाजून सांगत नाहीत, आणि नेमकं तेच महत्त्वाचं असतं.

हे सगळे रिपोर्ट एका फाइलीत तारखेनुसार लावा. पुढे प्रत्येक दारात हीच फाइल लागणार आहे.

तुमचीच एखादी गोळी वजन वाढवत नाही ना?

या गोष्टीवर मी थांबतो, कारण इथे एक पैसाही न वाढवता फरक पडतो आणि इथेच कोणी पाहत नाही. माझ्याकडे दर महिन्याला ठरलेली स्ट्रिप न्यायला येणारी माणसं असतात. मधुमेहाची ग्लिमेपिराइड पाच वर्षं तीच, डोस तोच, वजन मात्र वर. ग्लिमेपिराइड आणि त्याच्या घरातल्या गोळ्यांनी, इन्सुलिनने, पायोग्लिटाझोनने वजन वाढू शकतं. स्टेरॉइडने तर वाढतंच. मनाच्या आजारावरच्या काही गोळ्या, जसं ओलॅन्झापिन, फिटच्या आजारातलं व्हॅल्प्रोएट, झोपेसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी दिलेलं ॲमिट्रिप्टिलिन, यांनीही वाढतं.

म्हणून आपली सगळी औषधं, चूर्ण, काढे, सांधेदुखीच्या पुड्या, सगळं एका पिशवीत घाला आणि पिशवीच डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. "यातल्या कशाने वजन वाढतंय का, आणि बदलता येईल का?" एवढंच विचारा. आपल्या मनाने मात्र काहीही बंद करू नका. स्टेरॉइड किंवा मनाच्या आजाराची गोळी एकाएकी सोडली तर जिवावर बेतू शकतं. सांधेदुखीच्या बिनलेबलच्या पुड्यांबद्दल तर मला कळकळीने सांगायचं आहे. तिसऱ्या दिवशी गुडघा एकदम मोकळा झाला, भूक वाढली, चेहरा गोल झाला, तर त्यात स्टेरॉइड असण्याची दाट शक्यता आहे.

स्वस्त गोळ्या: काय मिळेल, काय नाही

मेटफॉर्मिन. मधुमेह असलेल्यांना सरकारी दवाखान्यात फुकट, जनऔषधी केंद्रात अगदी कमी पैशात. वजन फार उतरत नाही, सरासरी दोन-तीन किलो धरा, पण वाढत नाही आणि साखर सावरते. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांवर भारतात झालेल्या आणि २००६ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात मेटफॉर्मिनने मधुमेह होण्याचं प्रमाण सुमारे २६ टक्क्यांनी घटलं, आणि नुसत्या आहार-व्यायामाने साधारण २८ टक्क्यांनी. दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहा.

डापाग्लिफ्लोझिन. याचं पेटंट २०२० मध्ये संपलं आणि भाव झपाट्याने खाली आले. एम्पाग्लिफ्लोझिनचंही मार्च २०२५ मध्ये संपलं. मधुमेहात साखर लघवीवाटे बाहेर काढतात, सोबत दोन-तीन किलो उतरतात, हृदयाला आणि किडनीला आधार मिळतो. लघवीच्या जागी खाज, बुरशी वारंवार होत असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. आणि मे महिन्यात पाणी कमी पिणाऱ्याने या गोळीवर विशेष जपावं.

ऑर्लिस्टॅट. खास वजनासाठीची जुनी गोळी, १२० मिलिग्रॅम, जेवणासोबत दिवसातून तीनदा. खाल्लेल्या चरबीचा काही भाग पचू देत नाही. तर्री घेऊन सावजी खाल्लं आणि वरून ही गोळी घेतली, तर शौचावाटे तेल जातं आणि कपडे खराब होतात. कोणी आधी सांगत नाही म्हणून लोक आठवड्यात सोडून देतात. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वंही कमी शोषली जातात. फायदा साधारण तीन किलोचा. ज्यांचं जेवण मुळातच कमी तेलाचं आहे त्यांना हिचा फारसा उपयोग नाही, असं माझं मत.

जनऔषधी केंद्रात जाण्याआधी जनऔषधी सुगम हे ॲप उघडा, औषधाचं मूळ नाव टाका, किंमत आणि जवळचं केंद्र दिसतं. ब्रँडच्या मानाने ५० ते ८० टक्के स्वस्त. मी स्वतः दुकानदार असून हे सांगतो, कारण महिन्याची गोळी परवडली नाही की माणूस ती एक दिवसाआड घेऊ लागतो, आणि ते मला बघवत नाही.

इंजेक्शन घ्यायचंच असेल, तर पहिल्या सुईआधी वर्षाचा हिशेब

मौंजारो, म्हणजे टिर्झेपेटाइडचा ब्रँड, भारतात मार्च २०२५ मध्ये आलं, तेव्हा २.५ मिलिग्रॅमची एक बाटली ३,५०० रुपये आणि ५ मिलिग्रॅमची ४,३७५ रुपये होती. ही एका आठवड्याची किंमत. वेगोव्ही जून २०२५ मध्ये आलं, सुरुवातीचा डोस महिन्याला १७,३४५ रुपये. नोव्हेंबरमध्ये तो १०,८५० वर आणला. डिसेंबरमध्ये ओझेम्पिक (हेही सेमाग्लुटाइडच) आलं, सुरुवातीचा डोस महिन्याला साधारण ८,८००. सप्टेंबर २०२५ पासून औषधांवरचा जीएसटी १२ चा ५ टक्के झाला. आणि मार्च २०२६ मध्ये सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट संपलं, तशी भारतीय कंपन्यांची जेनेरिक आली आणि मूळ ब्रँडच्या बऱ्याच खालचे भाव दिसू लागले. याच घरातल्या लिराग्लुटाइडचं जेनेरिक तर २०२४ पासूनच आहे, पण ते रोज टोचावं लागतं.

त्यामुळे डॉक्टरांना चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव ठळक लिहायला सांगा आणि तीन ठिकाणी भाव विचारा. जवळचं दुकान, गंजीपेठेतल्या दवाबाजारातलं एखादं परवानाधारक दुकान, आणि मोठ्या सरकारी संस्थेच्या आवारात अमृत फार्मसी असेल तर ती. भाव विचारताना पेन आहे की बाटली, त्यात किती डोस आहेत, हे विचारल्याशिवाय तुलना करू नका.

लोक दोन ठिकाणी चुकतात. पहिली चूक महिन्यांची. इंजेक्शन चार आठवड्यांच्या हिशेबाने येतं, वर्षात ५२ आठवडे, म्हणजे १२ नव्हे तर १३ पाकिटं. दुसरी चूक डोसची. सेमाग्लुटाइड ०.२५ पासून सुरू होतं आणि दर चार आठवड्यांनी ०.५, १, १.७ करत २.४ पर्यंत जातं. टिर्झेपेटाइड २.५ वरून ५ आणि पुढे १५ पर्यंत जाऊ शकतं. सुरुवातीचा डोस हा पोटाला सवय व्हावी म्हणून असतो, खरं काम पुढच्या डोसांवर होतं, आणि पुढचे डोस महाग असतात. समजा तुमच्या टिकाऊ (पुढे कायम चालणाऱ्या) डोसचं पाकीट ४,००० रुपयांना मिळत असेल, तर वर्षाचे ५२,००० झाले. त्यात तपासण्या आणि डॉक्टरांची फी धरा. हा आकडा कागदावर लिहा, घरच्यांसमोर ठेवा.

फायदा खरा आहे, तो मी लपवणार नाही. मोठ्या अभ्यासात सेमाग्लुटाइडच्या २.४ मिलिग्रॅमवर ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं, टिर्झेपेटाइडच्या मोठ्या डोसवर ७२ आठवड्यांत २० टक्क्यांच्या आसपास. पण सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग परत आला. तीन महिने उसनवारीने घेऊन बंद करण्यात पैसेही जातात आणि वजनही परत येतं. माझं स्पष्ट मत आहे: वर्षभराचे पैसे आज दिसत नसतील, तर सुरू करू नका. स्वस्त गोळी, आहार आणि औषधबदल यांवर सहा महिने द्या. भाव आणखी खाली येत आहेत.

घरात ६० वर्षांवरचं कोणी असेल, त्यांची कुठलीही आरोग्य विमा पॉलिसी नसेल आणि आयकर जुन्या पद्धतीने भरत असाल, तर आरोग्य खर्चाच्या वजावटीत (जुन्या कायद्यातलं ८०डी कलम) त्यांच्या औषधोपचाराचा ५०,००० पर्यंतचा खर्च वजावटीला धरता येतो. पैसे रोख न देता यूपीआय किंवा कार्डाने द्या आणि पक्कं बिल घ्या. बिलावर बॅच नंबर आणि मुदत असते, खोट्या मालापासून वाचायलाही तेच उपयोगी पडतं.

नागपूरचा उन्हाळा आणि इंजेक्शन

हे बाहेरगावच्या लेखांत सापडणार नाही. ही इंजेक्शनं २ ते ८ अंशांत ठेवायची असतात. फ्रिजबाहेर काही दिवस चालतात असं पत्रकावर लिहिलेलं असतं, पण ते ३० अंशांच्या आतल्या खोलीत. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ आणि पत्र्याच्या घरात रात्रीसुद्धा ३० च्या वर. म्हणजे ती सवलत आपल्यासाठी नाहीच.

दुकानदार फ्रिजमधून काढून देतो की कपाटातून, हे बघा. कपाटातून दिलं तर घेऊ नका. घरून थर्मासचा डबा न्या. त्यात बर्फाची पिशवी नॅपकिनमध्ये गुंडाळून ठेवा, इंजेक्शन बर्फाला थेट चिकटता कामा नये. गोठलेलं इंजेक्शन वितळल्यावर दिसायला तसंच दिसतं, पण ते फेकायचंच. फ्रिजमध्ये मधल्या कप्प्यात ठेवा, फ्रीजरखाली नाही, दारातही नाही. दुचाकीच्या डिक्कीत तर पाच मिनिटंही नको, सिग्नलवर थांबलात तरी ती भट्टी असते. कुरियरने मागवलेलं पाकीट हाताला कोमट लागलं तर परत करा.

सुरुवातीला मळमळ, उलट्या, जुलाब किंवा बद्धकोष्ठ होतं. त्यात नागपूरचं ऊन आणि कमी पाणी एकत्र आलं की किडनीवर ताण येतो. सुरुवात किंवा डोसवाढ मे महिन्यात करायची की पाऊस पडल्यावर, हे डॉक्टरांना नक्की विचारा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असेल तर साखर अचानक उतरू शकते, त्यांचे डोस आधी ठरवून घ्या. पोटात पाठीपर्यंत जाणारी जोराची कळ आणि सतत उलट्या म्हणजे स्वादुपिंडाची सूज असू शकते, थेट इमर्जन्सी गाठा. आणि अशा वेळी भरती व्हावं लागलं, तर आयुष्मान कार्ड सोबत असू द्या, तिथे ते उपयोगी पडू शकतं. गरोदर बाईने किंवा लवकरच मूल हवं असलेल्या बाईने हे औषध घ्यायचं नाही. घराण्यात मेड्युलरी प्रकारचा थायरॉइडचा कॅन्सर झालेला असेल तरी नाही.

बाटलीतलं औषध स्वस्त पडतं, पण सिरिंजवर नेमकी कुठली रेघ ते पहिल्यांदा डॉक्टरांनी किंवा नर्सने दाखवू द्या. दाखवल्यावर सिरिंजवर मार्करने खूण करून घेतलेली माणसं मी पाहिली आहेत, चांगली सवय आहे. एक पेन दोघांनी वापरायचं नाही, नवरा-बायकोने सुद्धा.

स्लिमिंग पावडर, "हर्बल" कॅप्सूल, ब्युटी पार्लरमध्ये मिळणारी बिनबिलाची इंजेक्शनं, यातलं काहीही घेऊ नका. सिब्युट्रामिन नावाची भूक मारणारी गोळी हृदयाच्या धोक्यामुळे आपल्याकडे २०११ मध्ये बंद केली गेली, आणि अशा पावडरींत भेसळ म्हणून ती जगभर सापडत राहिली आहे.

ताटाचं काय

इंजेक्शन घ्या किंवा घेऊ नका, वजन उतरताना स्नायूही झिजतात, म्हणून प्रथिनं लागतात. त्यासाठी महागडा डबा नको. मूठभर भिजवलेले हरभरे, दोन अंडी, सोयाबीनच्या वड्या, घट्ट वरण, ताक. भात अर्धा करा आणि त्या जागी बरबटीची उसळ घ्या. सकाळचे तर्रीपोहे आठवड्यातून एकदाच, तेही चण्यांसकट आणि वरचं तेल बाजूला काढून. संत्री खा, रस काढू नका. चालायला अंबाझरी, फुटाळा किंवा सेमिनरी हिल्स, उन्हाळ्यात साडेपाचला निघायचं. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, दहा-दहा वेळा, दिवसातून तीनदा. ८० किलोच्या माणसाचे चार ते आठ किलो उतरले तरी साखर, बीपी आणि गुडघ्यांत फरक जाणवू लागतो.

त्या बाईंनी इंजेक्शन घेतलं नाही. नागरी आरोग्य केंद्रात शुगर केली, मेडिकलमध्ये पुढच्या तपासण्या. एचबीए१सी ८.४ निघाला. मेटफॉर्मिन तिथूनच मिळू लागलं, दुसरी गोळी जनऔषधी केंद्रातून घेतात. पिशवी रिकामी केली तेव्हा सांधेदुखीच्या पुड्या निघाल्या, त्या डॉक्टरांनी टप्प्याटप्प्याने सोडवल्या. परवा आल्या होत्या, आमच्या दुकानातल्या काट्यावर उभ्या राहिल्या, पाच किलो कमी. फाइल उघडून मला नवा रिपोर्ट दाखवला आणि विचारलं, "भाऊ, आता त्या इंजेक्शनचा भाव किती झाला?" मी पाकिटाचा भाव सांगितला आणि त्यांच्याच चिठ्ठीच्या मागे १३ ने गुणून दिलं.